सुनेची लाथ

न्हाई, न्हाई, रतनबाई, ते गठुळं आदी खाली ठिवा. पोरीची लुगडी बांधायची घाई करू नका. बसा. हितं चुलीजवळ बसा — भाईर वसरीवर मान्सं बसल्यात, त्येंच्या कानावर जायला नको. आन् रडू नका. रडायचं मी, तुमी न्हाई — फसवनूक आमची झालीया. शकू नदीवर धुनं घिऊन गेलीया, घंटाभर तरी येत न्हाई. तवर आपल्या दोघी इहीनींचं काय ते हून जाऊ द्या. तर काय म्हनलात? — ऱ्हाऊ द्या, मीच सांगते, तुमच्यानं बोलवत न्हाई. काल चाकनच्या बाजारात तुमच्या गावची सुईन, ती अंबुबाई, तुमच्याशी वांग्यांवरनं भांडली. आन् रागाच्या भरात समद्यांदेखत बोलली, का रतनबाईची शकू पायाळू न्हाई, चांगली डोक्याकडनं जल्मली, मी ह्या हातांनी घेतली, आन् हिनं ती पायाळू म्हनून पिंपळे गुरवात खपवली. बरूबर? आन् आता सासरचे पोरीला हाकलून देतील, त्येच्या आदी आपनच न्यावी, म्हनून तुमी पहाटं गाडी जुपली. गेनूभाऊ भाईर बैलांपाशी बसल्यात, घरात यायला लाजत्यात. लाजायलाच पायजे. माजा व्याही हाय म्हनून गप हाय, न्हाईतर चांगलं सुनावलं आसतं.

आमाला पायाळूच सून का पायजे हुती, हे तुमाला ठावं हुतं. आमच्या ह्येंची कंबर. तीस वर्सं मी ह्येंच्याशी कमी आन् त्या कंबरेशी जादा संसार केलाय. सा म्हैन्यांतनं येकदा उसन भरायची. धारंला वाकले, भरली. चपलीत पाय घालताना भरली. येकदा तर नुसते शिंकले — दुसऱ्याच्या लग्नात, अक्षता टाकताना — आन् तितंच वाकडे हून बसले, लोकांना वाटलं नवरदेवाच्या पाया पडत्यात. मंग गावातल्या कोंडाजीला बोलवायचं. कोंडाजी पायाळू. पायाकडनं जल्मलेल्या मानसाची लाथ कंबरेत बसली की उसन पळती, ही आपली बापजाद्यांपासनंची रीत. ह्येंनी सकाळी तोंड न धुता उंबऱ्यात पालथं पडायचं, कोंडाजीनं तीन लाथा घालायच्या, आन् वर ह्येंनीच उठून — उठता आलं तर — त्येच्या पाया पडायचं. तो कोंडाजी तीन वर्सांमागं वारला. ह्ये त्येच्या मातीला गेले तवा सख्ख्या भावासारखे रडले. भावाला न्हाई रडले येवढं. तवापासनं ह्येंची कंबर पोरकी झाली. मंग आमच्या पोराच्या, मालोजीच्या लग्नाचं निघालं, तवा ह्ये म्हनाले, पोरगी काळी चालंल, ठेंगनी चालंल, पर पायाळू पायजे. घरातला पाय घरात. कुनाची मनधरनी नको.

आन् तुमी म्हनालात, आमची शकू हाय की. वीज पायाळू मानसाला हुडकत येती, त्या भ्यानं आमी आजवर कुनाला बोललो न्हाई. काय पर डोकं चालवलंत, रतनबाई. चार पोरी, तीन उजवल्या, चौथीला कोन इचारत न्हाई, मंग घाला तिच्या पायात वीज. मी तुमच्या जागी आसते तर मीबी हेच — न्हाई. मी रागात हाय. मला मधी बोलू देऊ नका, न्हाईतर माजा राग जातो.

तर पोरगी आली. वैशाखात लगीन झालं, आषाढात ह्येंची उसन भरली. ह्ये पडले उंबऱ्यात पालथे. म्हनाले, सूनबाईला बोलवा. पोरगी आली, बघितलं, आन् दोन पावलं मागं सरली. म्हनाली, आत्याबाई, देवासारख्या सासऱ्याला मी पाय कसा लावू? म्या म्हनलं, देव हाय म्हनूनच सांगतात त्ये आयकायचं. घाल. तिनं डोळं झाकलं, आदी हात जोडून नमस्कार केला, आन् लाथ घातली — लाथ कसली, मांजर पाठीवरनं गेल्यागत. ह्ये खालनं वरडले, जेवली न्हाईस का? घाबरून दुसरी घातली ती जरा बरी बसली. ह्ये म्हनाले, आजून. तिसरी अशी बसली रतनबाई, अशी बसली, का ह्येंच्या तोंडातनं आईचं नाव निघालं. मी दाराआड हुते. पदर तोंडात कोंबला आन् भिंतीला टेकून बसले. हसू आवरंना. तुमी शपथ घ्या, कुनाला सांगनार न्हाई — तीस वर्सं ह्या मानसानं माजं येक वाक्य पुरं हू दिलं न्हाई. मी तोंड उघडलं की ह्ये उठून भाईर. म्हसरांशी बोलतील, बैलांशी बोलतील, माज्याशी न्हाई. कितींदा वाटलं, कुनीतरी ह्येंना येक सनसनीत — आन् ती माज्या डोळ्यांदेखत, घरच्या सुनेनं, वर आशीर्वाद घिऊन. चार दिवसांत ह्ये उठले. उसन चार दिवसांत जातीच, लाथ घाला न्हाईतर नका घालू. पर ते मला आता कळतंय. तवा आमी नारळ फोडला.

आता खरं दुखनं आयका. मार्गशीर्षात गाडीत कांद्याची पोती चढवायची हुती. दोन गडी मिळून चढवत हुते. ह्येंनी त्येंना बाजूला सारलं, म्हनाले, आमच्या येळंला येकटा चढवायचा. वाकले, पोतं उचललं, त्येच्यासकट वळले, आन् कंबरेत काडकन झालं. पोतं राहिलं बाजूला, ह्येच भुईवर. आमाला वाटलं, उसन. पर ही उसन न्हवती रतनबाई. कंबर तर दुखंनाच. दुखायला लागला पाय. डाव्या ढुंगनातनं जी कळ निघायची ती मांडीच्या मागनं, पोटरीच्या भाईरल्या अंगानं, थेट अंगठ्यात. सळसळत. खोकले की कळ, शिंकले की कळ, बसले की कळ, घोंगडीवरनं उठायचं म्हनलं तर घर गोळा करायला लागायचं. अंगठा बधिर. ह्ये दुसऱ्याच्या अंगठ्याकडं बघितल्यागत त्येच्याकडं बघत बसायचे. चालताना चपल गळून पडायची आन् ह्येंना कळायचंबी न्हाई, चार पावलं म्होरं गेल्यावर मी मागनं वरडायची.

मंग काय, लाथा. सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवस. पोरगी बिचारी दमली. ह्ये वरडायचे, ती रडायची, मी तिला धीर द्यायची, आन् दुखनं वाढतच चाललं. तवा गावात कुजबूज सुरू झाली. ही शेजारची सुमनताई — तुमी येताना दारात उभी राहून जिनं तुमच्या गाडीकडं बघितलं ती — पानवठ्यावर बोलली, म्हनं सून आली आन् सासरा आडवा पडला, पोरगी पांढऱ्या पायाची हाय. आता सांगा. ज्या पायाच्या नावावर पोरगी आनली, त्योच पाय पांढरा ठरला. शकूनं ते आयकलं. दोन दिवस जेवली न्हाई. बसून आपल्या पावलाकडं बघायची नुसती.

मालोजीनं मंग कारखान्यातल्या डाक्टरला आनलं. पिंपरीच्या त्या औषधाच्या कारखान्यात लागलाय ना आपला मालोजी, तितला. पोरगेला डाक्टर हाय, पुन्याचा, सायकलवरनं आला. ह्येंना उतानं झोपवलं आन् डावा पाय सरळ, गुडघा न वाकवता, वर उचलला. हातभर उचलला आसंल, ह्येंनी येवढ्या जोरात बोंब मारली का वसरीवरची कुत्री पळाली. उजवा उचलला, काय न्हाई. मंग म्हनाला, अंगठा वर वढा. ह्येंनी उजवा वढला. डावा वढवंना. रतनबाई, तवा ह्येंचं तोंड बघवंना मला. बैलाला आडवा धरनारा मानूस, आन् येक अंगठा आयकंना. डाक्टर म्हनाला, “कुणी लाथ मारलीय का यांना?” शकू म्हनाली, मी. डाक्टर म्हनाला, “किती?” ती म्हनाली, रोज सा. डाक्टर माज्याकडं बघायला लागला. काय वाटलं आसंल त्येला आमच्या घराबद्दल.

मंग त्यानं समजावून सांगितलं. तुमीबी आयका, तुमच्याच पोरीनं घातलेल्या लाथांचं हाय. त्या कोपऱ्यातली उतरंड दाखवली त्यानं. म्हनाला, पाठीचे मनके आशेच येकावर येक रचल्यात, खाली थोरले, वर धाकले. आन् दोन मडक्यांच्या मधी आपन चुंबळ ठिवावी, तशी दोन मनक्यांच्या मधी गादी आसती. भाईरनं चिवट, आत मऊ. म्या म्हनलं, पुरनाच्या पोळीगत? तो म्हनाला, “अगदी. आता पोळी एका अंगाला जास्त दाबली तर काय होतं?” म्या म्हनलं, कड फुटती आन् पुरन भाईर येतं. त्योच प्रकार. वाकून, वळून, पोतं उचललं, आन् खालनं दुसरी जी गादी हाय तिचं पुरन मागच्या अंगानं भाईर आलं. आन् बरूबर तितनंच पायाची शीर निघती. त्या पुरनानं तिचं मूळ दाबून धरलं, ती सुजली. म्या इचारलं, मंग दुखायचं तर कंबरेत दुखावं, अंगठ्याचा काय गुन्हा? तर म्हनाला, ती शीर सुरू कंबरेत हुती आन् संपती अंगठ्यात. मुळाशी दाबली की शेंड्यापतोर कळ. म्या म्हनलं, आसं. गाडीत बसून कासरा वढायचा आन् दुखायचं बैलाच्या नाकात. तर तो हसला, म्हनाला, “दुर्गाबाई, हे मी माझ्या पेशंटांना सांगीन.” पाय सरळ उचलला की शीर तानली जाती, म्हनून बोंब. मला समदं समजलं. इतकं साफ मला कुनी कदी काय समजावून सांगितलं न्हवतं, खरं सांगते.

पर मंग म्हनाला, लाथ बंद. लाथेनं पुरन आत जात न्हाई. झालं तर आजून भाईर यील, आन् मंग पाय लुळा पडंल, लघवीचाबी ताबा जाईल, तसं वाटलं तर येक दिवस थांबू नका, हास्पिटलात न्या. न्हाईतर औषध येकच. कठीन फळीवर पडून ऱ्हायचं, गुडघ्याखाली उशी, सा आठवडे. सूज आपली आपन उतरती, पुरन आपलं आपन सुकतं, लोकांचं तसंच बरं हुतं. ह्ये पडल्या-पडल्या म्हनाले, सा आठवडे? तवर कांदा सडंल. डाक्टर सायकलीवर बसायच्या आदी ह्ये भिंतीला धरून उभे. म्हनाले, कालचं पोर मला झोपवनार.

आता रतनबाई, हितं मी काय केलं ते सांगते, रागावू नका, तुमचंच नाव घेतलं म्या. म्या शकूला आत बोलवलं. म्हनलं, तुजी आई मला लग्नात म्हनाली हुती, का आमच्याकडं पायाळूची रीत आशी हाय — लाथ घालायची न्हाई, नुसता पाय टेकवायचा, आन् मंग मानसानं सा आठवडे लाकडावर पडून ऱ्हायचं. हाललं का गुन गेला. मी इसरलेच हुते बग सांगायला. पोरीचा इस्वास बसला. आईनं सांगितलंय म्हनल्यावर बसनारच. ती गेली, ह्येंच्यापुढं उभी राहिली, ताठ, मान वर, म्या तिला तशी कदी बघितली न्हवती, आन् म्हनाली, मामंजी, पडा. आन् ह्ये पडले. माजघराचं दार बिजागऱ्यांतनं काढून त्यावर झोपवलं. शकूनं वाईच पाऊल टेकवलं, फुलावर ठिवल्यागत. आन् सा आठवडे मानूस हालला न्हाई.

ते सा आठवडे, रतनबाई. कुनाला सांगू नये, पर तुमी इहीन. माज्या संसारातले सगळ्यात चांगले सा आठवडे. ह्येंना उठून जाता येत न्हवतं. मी उशाशी बसायची, शेंगा फोडत, आन् बोलायची. तीस वर्सांचं साठलेलं. माजा पयला पोरगा गेला त्येचं बोलले, आमच्या आईच्या आजारपनात ह्येंनी मला माहेरी धाडलं न्हाई त्येचं बोलले, येक काळी गाय मला न इचारता इकली त्येचं तर तीन दिवस बोलले. ह्ये वर आढ्याकडं बघत पडायचे. येकदा डोळं मिटलेले दिसले, म्या म्हनलं, झोपलात? तर म्हनाले, न्हाई, गाईपतोर आलीयास. आयकत हुते, रतनबाई.

आन् उठले. पाचव्या आठवड्यात कळ अंगठ्यातनं पोटरीत आली, मंग मांडीत, मंग नुसती कंबरेत, मंग गेली. अंगठा आजून वाईच बधिर हाय, पर वर हुतो. मंग काय इचारता. ह्ये गावभर. देवळात, चावडीत, पार सांगवीपतोर सांगून आले, का माज्या सुनेच्या पायाला गुन हाय. डाक्टर हरला, सून जितली. आता दर आयतवारी वसरीवर पाच-धा मान्सं येत्यात, बघितलीत न्हवं तुमी, येक तर मारुंजीहून आलाय, दोन पोरांच्या खांद्यावर. शकू येती, पाऊल टेकवती, आन् सांगती — लाकडावर, सा आठवडे, वाकायचं न्हाई, वजं उचलायचं न्हाई, आन् पाय लुळा पडला न्हाईतर लघवी तुंबली तर तो माजा आजार न्हाई, डाक्टरकडं पळा. हे शेवटचं म्या तिला पढवलंय. येकदा डाक्टर भांडायला आला सायकल घिऊन. कडेला उभा राहून समदं बघितलं. जाताना मला म्हनाला, “मी सांगितलं तर तीन दिवसांत उठतात. हिनं सांगितलं की हलत नाहीत.” आन् आता त्येचे जे लई हट्टी पेशंट हाईत, त्येंना त्यो हळूच हिकडंच धाडतो.

तर आशी हाय तुमची पोरगी. आन् तुमी तिला गाडीत घालून न्यायला निघालात. का? तर अंबुबाई बोलली म्हनून? अवं, अंबुबाई मला काय नवीन सांगती. पोरगी बघायला आलो हुतो आमी, तवा तुमच्या आडावर पाय धुवायला गेले, तितं भेटली मला ती. म्या सहज इचारलं, बाळंतपन तुमीच केलं का शकूचं? तर म्हनाली, व्हय, चौथी खेप, डोकं दिसलं आन् पोर हातात, चुलीवरचं पानी तापायच्या आदी. — आता बोलून गेलेच तर बोलते. मला लग्नाआदीपासनं ठावं हाय. आशा बघू नका माज्याकडं. ठावं असून गप बसले. का? — तुमच्या घरी पोरगी बघताना ह्ये घोंगडीवर बसले हुते, पाठ दुखत हुती, सांगायला लाजत हुते. समदे पोरीकडं बघत हुते, आन् ती पोरगी खाली मान घालून ह्येंच्याकडं बघत हुती. पान्याचा तांब्या ठिवायच्या निमतानं आली आन् कुनाला न कळता ह्येंच्या पाठीमागं येक भुश्याचं पोतं सरकवून गेली. म्या म्हनलं, हीच. पायाकडनं येऊ दे न्हाईतर डोक्याकडनं. मला पोरगी न्हाई, रतनबाई. मला ती पायजे. आन् ती तुमी नेनार आसाल तर मी गाडीच्या म्होरं आडवी पडंन, हे साफ सांगून ठिवते.

तुमाला भ्या कशाचं हाय मला कळतंय. ह्येंना कळलं तर? ह्ये बोलाचे कडक. फसवलं म्हनल्यावर उभ्या गावासमोर पोरीला माहेरी धाडतील, आन् पुन्हा दारात उभी करनार न्हाईत. म्हनून ह्येंना कळू द्यायचं न्हाई. चाकनचं बोलनं चाकनात. आन् दुसरी गोष्ट, तिच्यापुढं तर अवाक्षर न्हाई. तुमी तिला लग्नाच्या येळंला सांगितलंत, बाई तू पायाळू हाय, ते तिनं मनापासनं धरलंय. ढग आलं की माजघरात बसती. चौथी पोर, कुनी कदी कौतुकानं नाव घेतलं नसंल, आन् आता मारुंजीची मान्सं तिची वाट बघत बसत्यात. ते तिच्याकडनं काढून घ्यायला तुमचा हात धजतो का, बगा. माजा तर —

कोन हाय? अगं बाई, ह्येच की. तुमी? तुमी कवापासनं उभे हाय हितं? … पानी प्यायला आलात? तांब्या कोरडाच हाय हातातला. … समदं आयकलंत? … अंबुबाईपासनं? … बरं. मंग आता आयकलंच हाय तर नीट आयका. दोष ह्या बाईचा न्हाई, आन् पोरीचा तर मुळीच न्हाई. मला ठावं हुतं, म्या दडवलं. काय बोलायचं ते मला बोला. पोरीला काढायचं नाव घेतलं तर — काय? … काय म्हनालात? … तुमाला ठावं हुतं?

कुनी सांगितलं? … गेनूभाऊनं? सुपारी फुटली त्या दिवशी? गोठ्यात नेऊन? रतनबाई, आयकताय का, तुमच्या घरधन्यानं — तुमालाबी ठावं न्हवतं? म्हनून त्यो बैलांपाशी बसलाय व्हय. … आन् तुमी काय म्हनालात त्येला? … ‘सुपारी मोडलेली पोर कोन पदरात घेतो, गप ऱ्हावा’? आसं म्हनालात तुमी? मंग त्या लाथा? पायाळू न्हाई ठावं असून रोज सा लाथा — … नको म्हनलं आसतं तर समद्यांना कळलं आसतं. … व्हय, कळलं आसतं. आन् ती फळी? डाक्टरचं मानलंत मनातनं? … न्हाई? मंग? … सुमनताई पानवठ्यावर पोरीला पांढऱ्या पायाची म्हनाली, ते तुमच्या कानावर आलं हुतं. … तिच्याच पायाखालनं बरं हून उठल्याबिगर ते तोंड बंद झालं नसतं. म्हनून सा आठवडे. आन् म्हनून गावभर गुन सांगत हिंडलात.

सा आठवडे मी तुमच्या उशाशी बसून बोलले. समद्या जल्माचं बोलले. आन् तुमी ह्यातलं येक अक्षर काढलं न्हाई. … न्हाई, राग न्हाई आला. रडतीया मी. रडू द्या वाईच. तुमी जा भाईर, गेनूभाऊला वसरीवर घ्या, पाव्हना मानूस बैलांपाशी बसलाय, बरं दिसतं का —

शू. काकनं वाजली. आली.

ये गं शकू. ठिव ते धुनं. तुजी आई आलीया. … का डोळं पुसतोय? काय न्हाई गं. तुज्या जल्माची हकिकत सांगत हुती, लई हाल झालं म्हनं तिचं. येक रातभर आडली, मंग आदी येक पाऊल आलं, मंग दुसरं — उजवं आदी, का डावं, रतनबाई? … सांगा की. पोरगी इचारतीया.